काचेमागच्या शेवया

धारवाडला सप्तापूरच्या त्या गल्लीत कमलअक्कांच्या सोवळ्याचा दरारा होता. सकाळी न्हाऊन ओलेत्याने एकदा स्वयंपाकघरात शिरल्या की देवाला नैवेद्य होईपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. नवरा पद्मनाभराव विद्यापीठाच्या कचेरीतून निवृत्त झालेले, पण घरात त्यांची सत्ता उंबऱ्यापर्यंतच. चहा हवा असला तर उंबऱ्याबाहेर उभं राहून खाकरायचे. पुढच्या खोलीत भाड्याने राहायला येणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी अक्का बजावायच्या, की एक वेळ नळ उघडा राहिला तरी चालेल, पण सकाळच्या वेळी माझ्या अंगाला हात लागता कामा नये.

त्याच खोलीत उत्तरा राहायला आली. बी.एड. करणारी, आईवाचून वाढलेली, अंगाने काडी. आल्या आल्या तिला ताप भरला. आता आजारी पोरीला जवळ घ्यायचं तर सोवळं मोडतं, आणि सोवळं राखायचं तर पोर तळमळते. अक्कांनी मधली वाट काढली. तिला पेज पाजायची, डोकं मांडीवर घ्यायचं, ती झोपली की उठून आंघोळ करायची आणि पुन्हा चुलीपुढे बसायचं. पद्मनाभराव म्हणाले, "एवढ्या आंघोळी केल्या तर तिचा ताप उतरून तुला चढेल." तसं काही झालं नाही. ताप उतरला आणि उत्तरा त्या घरची झाली. तिचं केळवण अक्कांनी केलं, पहिली ओटी अक्कांनी भरली. लग्न होऊन ती नवनगरला गेली, तरी श्रावणातल्या शुक्रवारी हळदीकुंकवाला माहेरी यावं तशी यायची. जाताना उंबऱ्यात वाकून म्हणायची, "येते हं, अक्का." आणि अक्का म्हणायच्या, "ये गं, घर तुझंच आहे."

धारवाडच्याच एका शाळेत ती विज्ञान शिकवायला लागली. एके दिवशी शाळेतून थेट अक्कांकडे आली आणि पायरीवर बसून राहिली. वर्गात सावनी नावाची एक नवी मुलगी आली होती. जन्मापासून दृष्टी नाही. बाप ओंकार, हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात दिवसभर कापड मोजून फाडायचा. त्याने मुलीला इकडे वसतिगृहात ठेवलं होतं. ठिपक्यांची ब्रेल पुस्तकं तिला मिळाली होती, ती बोटांनी भराभरा वाचायचीही. पण त्या पुस्तकांत चित्राच्या जागी नुसती ओळ असायची, 'आकृती पाहा'. त्या दिवशी सावनीने उभं राहून विचारलं होतं, "बाई, पाहू कुठे?"

सगळा वर्ग हसला होता. उत्तराला मात्र हसू आलं नव्हतं.

अक्का तेव्हा खाटेवर शेवया वाळत घालत होत्या. त्यांनी उठून साडीच्या खोक्याचा पुठ्ठा आणला, उत्तराच्या पुस्तकातलं हृदयाचं चित्र समोर ठेवलं, आणि शेवया एकेक करून डिंकाने त्याच्या कडांवर बसवल्या. मोठ्या रक्तवाहिन्यांना शेवई पुरेना, म्हणून देवघरातून कापसाच्या लांब वाती आणल्या. त्या वर्षी त्यांनी लक्षवातींचं व्रत धरलं होतं. देवापुढे जळायच्या वाती पुठ्ठ्याला चिकटवताना त्यांचा हात क्षणभर अडला. अन्न आहे, व्रताच्या वाती आहेत, असं डिंकात घालायचं म्हणजे पाप तर नाही? मग उठून त्यांनी तो पुठ्ठा देवापुढे ठेवला, अक्षता वाहिल्या आणि म्हणाल्या, "देवा, अन्न आहे ते कुणाच्या तरी आतच जाणार. पोटातून नाही तर बोटांतून."

तेव्हापासून त्या घराला वेगळीच कळा आली. गच्चीवर कान वाळायचा, खाटेवर डोळा. पेशींना साबुदाणा, परागकणांना मोहरी, फुप्फुसाला बारीक रवा. पद्मनाभराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "जपून हं, तिथे आमचं मूत्रपिंड वाळत घातलंय. मुंग्यांनी कालच एक बाजू खाल्ली."

आणि दर शनिवारी दुपारी उत्तरा सावनीला घेऊन यायची.

पहिल्याच खेपेला घोळ झाला. त्या दिवशी एकादशीमुळे अक्कांची पूजा लांबली होती. सावनी चाचपडत आत आली आणि तिचा हात अक्कांच्या ओल्या पदराला लागला. अक्का अंग चोरून मागे झाल्या. पोरीने हात तसाच हवेत धरला. "मी काही मोडलं का?" तिने विचारलं.

त्या एका प्रश्नाने अक्कांना उमगलं. डोळ्यांनी बघणाऱ्याला दुरून बघता येतं. हिचं बघणंच शिवण्यात. हिला 'शिवू नको' म्हणणं म्हणजे हिचे डोळे झाकणं. पुढच्या शनिवारपासून अक्का भल्या पहाटे उठू लागल्या. सावनी यायच्या आत नैवेद्य उरकलेला असे, आणि मग त्या पोरीला घरात कशालाही हात लावायची मुभा होती. डब्यांना, पाट्यावरवंट्याला, अक्कांच्या चेहऱ्याला. एकदा तर अक्कांनी देव्हाऱ्यातला पितळी गोपाळकृष्ण तिच्या ओंजळीत दिला. जो घरच्या कोणालाही न्हाल्याशिवाय शिवता येत नसे, त्याच्या पाव्यापासून पायांपर्यंत सावनीने बोटं फिरवली आणि म्हणाली, "याचा गुडघा वाकडा आहे." पद्मनाभराव बाहेरून म्हणाले, "वय झालंय त्याचं, माझाही आहे."

अशी वर्षं गेली. उत्तरा मुख्याध्यापिका झाली. सावनी दहावीत आली.

दहावीनंतर सावनीला विज्ञान घ्यायचं होतं. माणसाच्या आत काय चालतं ते शिकायचं, एवढाच तिचा ध्यास होता. भोवतीचे सगळे सांगत, की अशा मुलींनी कला शाखा घ्यावी, गाणं शिकावं, उगीच अवघड वाटेला जाऊ नये. ओंकार मात्र सुट्टीच्या दिवशी एका कॉलेजात जाऊन प्राचार्यांना भेटून आला. ते म्हणाले होते, आमची अडचण आकृत्यांची आहे. मुलीला आकृत्या समजतात, समजावून सांगता येतात, असं शाळेने लिहून दिलं तर आम्ही घेऊ. उत्तराने अक्कांच्या ओसरीवर बसून शब्द दिला. पूर्वपरीक्षा झाली की आम्ही शिक्षक मिळून सावनीची तोंडी परीक्षा घेतो. तिने आकृत्या सांगितल्या की मी स्वतः लिहून देते. ओंकारचे डोळे भरून आले. तो अक्कांच्या पाया पडायला वाकला तर अक्का म्हणाल्या, "माझ्या कशाला, हिच्या पड. लिहून ती देणार आहे."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी उत्तरा एकटी आली. शनिवारी आता दहावीचे जादा तास सुरू होणार, सावनीला इकडे येता यायचं नाही, म्हणून पुठ्ठे शाळेत तिच्या हाताशी ठेवते, म्हणाली. अक्कांनी सगळे पुठ्ठे जुन्या लुगड्याच्या कापडात बांधले. एकेक पुठ्ठा दुसरा करायचा तर कित्येक दुपारी जायच्या, म्हणून प्रत्येकाची एकच प्रत होती. गाठ मारताना त्या म्हणाल्या, "मूत्रपिंडाची नळी नाजूक आहे गं, तेवढी सांभाळायला सांग."

"अक्का, माझ्यावर सोडा की."

पुढचे काही आठवडे अक्का अधूनमधून फोन करीत. वसतिगृहात मुलींजवळ फोन नसत, त्यामुळे सावनीची खबर उत्तराकडूनच कळायची. उत्तरा हसून सांगायची, की पोर पुठ्ठे हातातून खाली ठेवत नाही, जेवायलासुद्धा बोलवून आणावं लागतं. अक्का ते कौतुकाने नवऱ्याला ऐकवायच्या आणि संध्याकाळी देवापुढे एक वात जास्त लावायच्या.

मग शाळेतून आमंत्रण आलं. बंगळूरची एक संस्था शाळेला मदत करणार होती. तिची माणसं येणार, त्यांच्या हस्ते 'स्पर्श-दालन' नावाच्या खोलीचं उद्घाटन होणार, आणि पाहुण्यांत कमलअक्का. पत्रिकेवर त्यांचं नाव छापलं होतं. आयुष्यात लग्नपत्रिकेखेरीज आपलं नाव कुठे छापलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. ठेवणीतली इरकली साडी निघाली. सावनीला आवडते म्हणून शेवयांची खीर डब्यात भरून घेतली. नवरा-बायको रिक्षाने निघाले तेव्हा पद्मनाभरावांनी सांगितलं, शाल मिळाली तर ती माझी, मला पहाटे फिरायला उपयोगी पडेल.

दालन खरंच देखणं केलं होतं. दारावर झेंडूची माळ, आत पिवळे दिवे. आणि चारी भिंतींवर अक्कांचे पुठ्ठे, सागवानी चौकटींत, काच लावून. हृदय, कान, डोळा, फूल. प्रत्येक चौकटीला हळदकुंकवाची बोटं. खाली एक छापील पाटी होती, कानडीत, 'मुट्टबेडि'. म्हणजे हात लावू नका.

अक्कांना आधी वाटलं, हे दुसरे असतील, दाखवायला केलेले. मग मूत्रपिंडावर मुंग्यांनी खाल्लेली कड दिसली.

तेवढ्यात एका बाईंनी सावनीला हाताला धरून आणलं. कडक इस्त्रीचा गणवेश, वेणीत अबोलीचा गजरा. पाहुण्यांबरोबर फोटो काढायचा म्हणून तिला हृदयाच्या चौकटीशेजारी उभं केलं. सवयीने तिचा हात भिंतीकडे गेला आणि नखं काचेवर टक् करून आपटली. दाराशी उभी असलेली शिपाईण म्हणाली, "ए, मुट्टबेडव्वा, काच मळते." सावनीने हात खाली घेतला. आपण कशासमोर उभ्या आहोत हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"सावनी," अक्कांनी हाक मारली.

एरवी त्या हाकेसरशी पोर हात पुढे करून धावत यायची. आज ती जागची हलली नाही. चेहरा ताठ झाला. जरा वेळाने परक्या माणसाला विचारावं तसं तिने विचारलं, "अक्का, दुरुस्त झाली का चित्रं?"

"कुठली चित्रं?"

"बाई म्हणाल्या, शेवया झडल्यात, तुम्ही दुरुस्तीला घरी नेलीत. रोज विचारत होते मी. रोज म्हणायच्या, अक्कांना वेळ झाला की देतील. परवा तोंडी झाली. मूत्रपिंडातली ती नळी खाली जाऊन कुठून वळते, ते आठवेनाच. हाताला आठवत होतं, तोंडाला येईना. बाई म्हणाल्या, नाही जमलं. एवढं काय काम होतं हो अक्का तुम्हाला?"

अक्कांच्या हातातला खिरीचा डबा जड झाला. आपल्याला सांगितलं, पुठ्ठे सावनीकडे आहेत. सावनीला सांगितलं, अक्कांकडे आहेत. दोघींच्या मधोमध ते इथे भिंतीला टांगले जात होते. त्यांनी सावनीचा हात धरला आणि काचेवर टेकवला.

"ही बघ. इथेच होती."

सावनीने तळवा पसरला. वरपासून खालपर्यंत फिरवला. गुळगुळीत, गार. "ही काच आहे," ती म्हणाली.

"होय. आत आहेत."

सावनीला कळायला तेवढं पुरलं. ती कपाळ काचेला टेकून उभी राहिली, आणि कुणीतरी उत्साहाने तोच फोटो काढला.

शाल, श्रीफळ, भाषण, सगळं झालं. उत्तरा भाषणात म्हणाली, की या दालनाची प्रेरणा माझ्या माहेरच्या अक्का. टाळ्या पडल्या. अक्का खुर्चीत बसून होत्या, पण कानांवर नुसता आवाज येत होता, शब्द नव्हते. पाहुणे फराळाला गेले तशा त्या उत्तराच्या खोलीत शिरल्या आणि दार लोटून घेतलं.

उत्तरा आधी समजावणीच्या सुरात बोलली. मुलांच्या हातात ते किती टिकणार, शेवया झडतात, मुंग्या लागतात. संस्थेची माणसं येणार म्हटल्यावर काहीतरी दाखवावं लागतं. हे बघून ते आता उठावाच्या आकृत्या छापायचं यंत्र देणार आहेत, उद्या अशी कितीतरी मुलं शिकतील. एका सावनीकडे बघून कसं चालेल? अक्का ऐकत राहिल्या. त्यातलं काही खोटं नव्हतं, हेच त्यांना जास्त लागत होतं.

"आणि तोंडी?" त्यांनी विचारलं. "ती झाल्यावर टांगली असतीस तर?"

उत्तराने टेबलावरचा कागद सरळ केला. "अक्का, तिला विज्ञान झेपायचं नाही. मी रोज बघते ना वर्गात. उद्या कॉलेजात नापास झाली तर शाळेचं नाव जाईल, ती खचेल ते वेगळंच. मी लिहून देणारच नव्हते."

"मग परीक्षा कशाला घेतलीस?"

"नाही जमत, हे तिचं तिला कळावं म्हणून."

बाहेर भांड्यांचा आवाज येत होता. अक्कांना आठवला तो ताप, ती पेज, ते मांडीवरचं डोकं. "बरं," त्या म्हणाल्या. "ते तुझ्या डोक्याने तू ठरवलंस. पण माझं नाव का पुढे केलंस? हरवली म्हणायचीस, उंदरांनी खाल्ली म्हणायचीस."

उत्तरा खाली बघत म्हणाली, "तुमचं नाव घेतलं की ती पुढे विचारत नाही, अक्का."

अक्कांनी शाल तिच्या टेबलावर ठेवली. पुठ्ठे परत मागितले, तर ते आता संस्थेच्या नावावर चढले, असं उत्तर आलं. रिक्षात पद्मनाभरावांनी शालीचं विचारलं नाही. सप्तापूरचा चढ लागल्यावर एवढंच म्हणाले, "केसाने गळा कापला पोरीने."

पुढे अक्कांनी काय केलं नाही? खाट पुन्हा अंगणात आली, पुन्हा शेवया, पुन्हा वाती. परीक्षेपूर्वीच्या सुट्टीत ओंकारने सावनीला त्यांच्याकडेच आणून ठेवलं. पहिल्या दिवशी दोघी पुठ्ठ्यावर वाकून बसल्या असताना सावनी अचानक म्हणाली, "अक्का, मी तुमच्यावर रागावले होते. देवाजवळ तुमच्याबद्दल वाईट बोलले." अक्कांनी तिची बोटं नळीच्या वळणावर नेऊन ठेवली. "देवाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या, "पुढे चल." पण ती पूर्वीची सावनी राहिली नव्हती. दर पुठ्ठ्याला विचारायची, "हा माझ्याजवळच राहणार ना?" झोपताना सगळे उशाखाली घ्यायची. अक्का काही सांगायला लागल्या तरी हल्ली ती बोटांनी खात्री करून घेई, मगच हो म्हणे.

बोर्डात तिला विज्ञानात चांगले गुण पडले. ते घेऊन ओंकार आणि अक्का त्या कॉलेजात गेले. प्राचार्यांनी गुण पाहिले, मुलीचं कौतुक केलं. मग म्हणाले, "शाळेशी बोलणं झालं आमचं. त्यांचा अनुभव वेगळा आहे. आम्ही धोका कसा घेणार?" दुसरीकडेही पाहिलं. सगळे शाळेलाच विचारीत. शेवटी कला शाखेत नाव घातलं. परतताना ओंकार हात जोडून म्हणाला, "असू दे की अक्का, शिकतेय हे काय थोडं आहे?" त्याने शिव्या दिल्या असत्या तर अक्कांना सोसलं असतं.

श्रावण आला. पहिल्या शुक्रवारी अक्कांनी पुरणाचा स्वयंपाक केला, देवीला नैवेद्य दाखवला, जेवणं झाली. त्या वर्षी उत्तराला निरोप गेला नव्हता. तरी संध्याकाळी फाटक वाजलं. हातात गजरा, साडीला मॅचिंग बांगड्या, जरा ओशाळलेलं हसू. श्रावणातल्या शुक्रवारी दारी आलेल्या सवाष्णीला परत पाठवू नये, हे अक्कांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी पाट मांडला, हळदकुंकू लावलं, दूध दिलं, ओटी भरली. तांदळाचा दाणाही कमी घातला नाही. उत्तरा यंत्राचं सांगत राहिली. ते अजून आलं नव्हतं, पण येणार होतं. दालन बघायला खूप लोक येतात म्हणाली. अक्का "हं" म्हणत होत्या.

आतल्या खोलीत सावनी वाती वळत बसली होती. कॉलेजातून ती शुक्रवारी इकडेच यायची. बाईंचा आवाज ओळखून तिचे हात थांबले होते, पण ती बाहेर आली नाही.

उत्तरा उठली. नेहमीसारखी पाया पडायला वाकली.

अक्का एक पाऊल मागे सरल्या. पदर आवरून घेत म्हणाल्या, "शिवू नको. सोवळ्यात आहे मी."

उत्तराचे हात जमिनीजवळ तसेच राहिले. त्या घरात ती राहिली होती, वर्षानुवर्षं येत-जात होती. दिवेलागणीला अक्का कधी सोवळ्यात नसतात, हे तिच्याइतकं बाहेरच्या कोणाला ठाऊक असणार? ती सावकाश सरळ झाली. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "येते हं, अक्का."

अक्कांनी समईची वात सारखी केली. फाटक वाजलं, रिक्षा गेली.

"अक्का," आतून सावनी म्हणाली, "नैवेद्य तर दुपारीच झाला ना?"

"झाला गं." अक्का आत जाऊन तिच्याजवळ बसल्या आणि कापसाने भरलेले तिचे हात आपल्या हातांत घेतले. "दाखव बघू, किती वाती झाल्या."